केमिकल शेअर घेताना या चुका टाळा

'चायना प्लस वन', म्हणजे परदेशी ग्राहक चीनसोबत आणखी एखाद्या देशातूनही माल घेणार, हे ऐकून केमिकल कंपन्यांत पैसे घातलेले कितीतरी लोक अजून अडकून आहेत. गोष्ट खोटी नव्हती. 2019 मध्ये चीनमधल्या शियांगशुईच्या केमिकल कारखान्यातल्या स्फोटात 78 माणसं गेली, तिथे कारखान्यांवर आणखी कडक कारवाई झाली आणि परदेशी ग्राहक भारताकडे वळू लागले. पण चीनने नवे प्लांट उभारणं सोडलं नाही. 2022-23 पासून तिकडचा स्वस्त माल बाजारात आला आणि आपल्याकडच्या कंपन्यांचं मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, आटलं.

माझ्या मते सर्वात महाग चूक म्हणजे पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा) कमी दिसला की शेअर स्वस्त मानणं. या धंद्यात नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई कमी दिसतो. फिनॉल हे केमिकल घ्या. ते बेन्झिन आणि प्रोपिलीनपासून बनतं, सोबत अ‍ॅसिटोनही निघतं. कंपनी जगते ती कच्चा आणि तयार माल यांच्या भावांतल्या फरकावर, म्हणजे स्प्रेडवर. बेन्झिन चढलं आणि फिनॉल जागेवर राहिलं, तर विक्री तेवढीच राहूनही नफा गायब होतो. म्हणून एका वर्षाचा नफा धरू नका; सात-आठ वर्षांचं मार्जिन काढून मधला आकडा धरा.

डंपिंगविरोधी शुल्कावर, म्हणजे परदेशातून फार स्वस्तात ओतल्या जाणाऱ्या मालावरच्या जादा करावर, टिकलेला नफाही कायमचा समजू नये. ते साधारण 5 वर्षांसाठी लागतं, पुढे आढावा होतो.

सांडपाण्याकडे तर फार कमी लोक बघतात. तारापूर, महाड, लोटे अशा औद्योगिक वसाहतींत प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नसेल तर वाढीव क्षमता कागदावरच राहते. मे 2024 मध्ये डोंबिवलीतल्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला तेव्हा जीव गेले ते कामगारांचे. सुरक्षेवरचा खर्च वाचवून दाखवलेला नफा मला नफाच वाटत नाही. वार्षिक अहवालात पर्यावरणविषयक खटले आणि 'आकस्मिक देणी' (पुढे द्यावी लागू शकतील अशी देणी) ही टीप आधी वाचा.

आधीच अडकला असाल तर दोन गोष्टी तपासा. विकलेल्या मालाचे टन वाढताहेत आणि फक्त भाव पडलेत, कर्जही थोडं आहे, तर थांबायला हरकत नाही. कर्ज काढून उभारलेला प्लांट निम्माच चालत असेल आणि व्याज नफा खात असेल, तर खरेदीचा भाव विसरून बाहेर पडा.