‘रन’ दिसला की लगेच धावू नका

पंपाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करताना मी एकदा लिहून गेले, ‘पंप कोरडा पळवू नका.’ मुळात होतं, ‘डू नॉट रन ड्राय’. तपासायला दिलेल्या मेकॅनिकने समासात एवढंच लिहिलं: ‘पळून जाणार कुठे?’ पाणी नसताना पंप चालला की आतलं सील तापून जळतं, म्हणून ती सूचना. ‘पाण्याशिवाय पंप चालवू नका’ म्हटलं की झालं. तेव्हापासून ‘रन’ आला की मी आधी बघते, रन होतंय कोण?

माणूस किंवा जनावर असेल तर धावणं, पळणं. विषय संपला. यंत्र, दुकान, संस्था, नाटक हे सगळं मराठीत चालतं. (गाड्या तेवढ्या आपल्याकडेही धावतात.) इंग्रजीला चालणं आणि चालवणं एकाच रूपात भागवता येतं, आपल्याला नाही. म्हणून क्रियापदापुढे कर्म आहे का ते पाहा. ‘द मशीन रन्स’ म्हणजे मशीन चालतं. ‘शी रन्स अ स्कूल’ म्हणजे ती शाळा चालवते.

पातळ पदार्थ वाहतात: नाक वाहतं, नदी वाहते. पण धुताना कपड्याचा रंग ‘रन’ झाला, तर मराठीत तो नुसता जातो. रस्ता नदीकाठाने जातो. निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश मात्र ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले आहेत. ते पाठ करायच्या फंदात पडू नका. खरी गंमत, आणि खरी फसगतही, शेपटाला लागणाऱ्या छोट्या शब्दांत आहे.

‘रन आउट’ घ्या. क्रिकेटमुळे तो आपल्या तोंडात इतका बसलाय की ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’ वाचताना क्षणभर यष्ट्याच दिसतात. फलंदाज धावबाद होतो, कागद संपतो. ओळखायची खूण म्हणजे मागून येणारा ‘ऑफ’. ‘रन इन्टू’मध्ये पुढे मित्र असेल तर अचानक गाठ पडली, भिंत असेल तर गाडी धडकली, अडचण असेल तर ती आडवी आली. ‘रन ओव्हर’ तर जपूनच. मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे लांबली, माणूस झाला म्हणजे अंगावरून गाडी गेली. आणि ऑफिसात कोणी ‘रन इट बाय मी’ म्हणालं, तर पळापळ नको. आधी माझ्या कानावर घाल, एवढंच त्याचं म्हणणं.

‘रनिंग’ला तर मराठीत ठरलेली जागाच नाही. ‘रनिंग कॉमेंटरी’ धावतं समालोचन होते, ‘रनिंग वॉटर’ वाहतं पाणी, आणि ‘थ्री डेज रनिंग’ सलग तीन दिवस. तिथे ‘धावते तीन दिवस’ लिहिलेलं मी छापील मजकुरात पाहिलंय. माझं नव्हतं, नशीब.

रूपं तेवढी पाठच करा: रन, रॅन, रन. तिसरं रूप पुन्हा पहिल्यासारखंच, त्यामुळे ‘हॅव रॅन’ चूक. माझ्याही तोंडून ते घाईत निसटतं.