डीपीएफचा पिवळा दिवा लागला? मग या चुका टाळा

डॅशबोर्डवर सायलेन्सरच्या डब्याचं चित्र आणि त्यात ठिपके, असा पिवळा दिवा लागला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून गाडी बाजूला घेतात आणि इंजिन बंद करतात. बाकीचे ‘चालतेय ना, बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’ म्हणून विसरून जातात. नुकसान दोन्हींत आहे. कारण हा दिवा नुसता, न लुकलुकता लागला असेल, तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. गाडी एवढंच सांगत असते की काजळी साठलीय, जाळायला थोडा सलग रस्ता द्या.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर आला. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली ही सिरॅमिकची गाळणी. तिच्या बारीक नळ्यांची तोंडं एकाआड एक बंद असतात, त्यामुळे धूर भिंतींतून झिरपून बाहेर पडतो आणि काजळी आतच अडकते. हायवेवर धूर चांगला तापलेला असला की यातली बरीच काजळी हळूहळू आपोआप जळते. शहरात तेवढी उष्णता तयारच होत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जळतं, डीपीएफचं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं आणि काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. त्याला साधारण 10 ते 20 मिनिटं लागतात.

अर्ध्यात इंजिन बंद करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि करणाऱ्याला ती कळतही नाही. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणारी गाडी घ्या. सिग्नल, पूल, पुन्हा सिग्नल. कशीबशी गाडी तापते, रिजनरेशन सुरू होतं आणि तेवढ्यात ऑफिसचं पार्किंग येतं. चावी फिरवली की काम अर्धवट. संध्याकाळी परत तेच. असं आठवडाभर झालं की दिवा लागतो आणि मालक म्हणतो, ‘गाडीच खराब निघाली.’

रिजनरेशन चालू आहे हे बहुतेक गाड्या स्पष्ट सांगत नाहीत, पण खुणा असतात. न्यूट्रलला इंजिन नेहमीपेक्षा थोड्या जास्त आरपीएमवर फिरतं. रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात चालतो. ॲव्हरेजचा आकडा एकदम घसरतो. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही. खाली उतरलात तर गरम, करपट वास येतो. यातलं काही जाणवलं तर घराच्या गेटपाशी पोहोचला असाल तरी आत वळू नका, एक मोठी चक्कर मारून या.

दिवा लागलाच असेल तर त्याच दिवशी मोकळा रस्ता गाठा. पुणेकरांनी एक्स्प्रेसवे घ्यावा किंवा खेड-शिवापूरच्या पुढे सातारा रोड. वेग 60 ते 80, नेहमीपेक्षा एक गिअर खाली, आरपीएम 2000 च्या जरा वर, आणि हे सलग वीसेक मिनिटं. इथे ॲव्हरेजचा मोह आडवा येतो. टॉप गिअरला 1200-1300 आरपीएमवर गाडी रेटत राहिलात तर धूर तापणार नाही आणि दिवाही विझणार नाही. घाटाचंही लक्षात ठेवा. खंडाळा चढताना इंजिनावर लोड येतो, ते चांगलंच. उतरताना मात्र गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनात डिझेलच जात नाही, सगळं थंड होतं. नेमका वेग आणि वेळ गाडीगणिक बदलते, तेव्हा ग्लोव्हबॉक्समधलं मॅन्युअल एकदा उघडाच. आणि टाकी रिझर्व्हवर असेल तर आधी डिझेल भरा. इंधन कमी असलं की बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत.

पार्किंगमध्ये रेस मारणं

सोसायटीत गाडी उभी करून रेस मारत बसणारे भेटतात. शेजाऱ्यांची झोप जाते, काजळी जात नाही. लोड नसताना तापमान पुरेसं चढत नाही. ज्या गाड्यांत त्यासाठी वेगळं बटण दिलंय, तिथे उभ्या गाडीत रिजनरेशन होतं, पण ते कॉम्प्युटरच्या देखरेखीत. ट्रकवाल्यांसाठी एक जादा सूचना: काही ट्रकमध्ये रिजनरेशन रोखून ठेवण्याचंही बटण असतं. पेट्रोल पंपावर किंवा गोदामात ते दाबलं जातं आणि मग दिवसेंदिवस तसंच राहतं.

उभ्या गाडीत रिजनरेशन करायचं तर खाली काय आहे ते वाकून बघा. ऊसतोडीच्या हंगामात शेताच्या कडेला पाचटावर गाडी उभी करून हे बटण दाबणं म्हणजे आगीला आमंत्रण. वाळलेल्या गवताचंही तेच.

लुकलुकणारा दिवा हायवेने विझवायला जाणं

दिवा लुकलुकायला लागला, सोबत चेक इंजिनचाही लागला किंवा पिकअप एकदम मेला, की हायवेच्या फेरीची वेळ गेली. काजळी एका मर्यादेपलीकडे साठली की कॉम्प्युटर स्वतःहून रिजनरेशन करायचं थांबवतो, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर आतली सिरॅमिक तडकू शकते. अशा वेळी गाडी सावकाश सर्व्हिस सेंटरला न्यायची. तिथे स्कॅनर लावून देखरेखीखाली काजळी जाळतात. बॅटरीची टर्मिनल काढून किंवा स्वस्तातल्या स्कॅनरने कोड उडवून दिवा तेवढा विझतो. काजळी जिथल्या तिथेच.

ऑइलकडे दुर्लक्ष

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा लांबण लावतो. रिजनरेशनसाठी उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं की हे प्रमाण वाढतं. सकाळी थंड गाडी सपाट जागेवर उभी करून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलीय, ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ लागतंय आणि डिझेलचा वास येतोय? ‘बरंय, आपली गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत. ते ऑइल लगेच बदलायला हवं. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग फार काळ टिकत नाहीत.

ऑइल कुठलं, हेही तितकंच महत्त्वाचं. काजळी जळते, राख जळत नाही. ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख डीपीएफमध्ये कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. कारसाठी डब्यावर बहुधा एसीईए (ऑइलचा युरोपीय दर्जा) सी2 किंवा सी3 असं लिहिलेलं असतं, पण अंतिम शब्द मॅन्युअलचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजात पिंपातून काढून घातलेलं ‘डिझेलचं चांगलं ऑइल’ डीपीएफचं आयुष्य गुपचूप कमी करतं.

कारण न शोधता डीपीएफलाच दोष

मोकळ्या रस्त्यावर नियमित चालणाऱ्या गाडीत हा दिवा परत परत लागत असेल, तर चोर दुसरीकडे आहे. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), ऑइल फेकणारा टर्बो, उघडा राहिलेला थर्मोस्टॅट. कधीकधी तर डीपीएफच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळीच चिरलेली असते. नवा डीपीएफ कित्येक गाड्यांत लाखाच्या घरात जातो. तेव्हा ‘बदलावा लागेल’ असं ऐकल्यावर आधी विचारा: प्रेशरचं रीडिंग किती आलं? नळ्या तपासल्या का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी दुसरीकडे दाखवा.

डीपीएफ पोकळ करून घेणं

‘आतलं काढून टाकतो, कॉम्प्युटरचं मॅपिंग बदलून देतो, कटकटच नको.’ हा सल्ला हमखास मिळतो. माझं मत साफ आहे: करू नका. गाडीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वॉरंटी धोक्यात येते आणि मूळ रोग, म्हणजे तो गळका इंजेक्टर, तसाच राहतो. फक्त त्याची काजळी आता मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जाते.

डीईएफचा म्हणजे युरियाच्या टाकीचा दिवा वेगळा. तिथे द्रव भरायचा असतो, हायवेची फेरी मारून काही होत नाही.

जुनी बीएस-6 डिझेल घेत असाल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ येतं. काळंकुट्ट आलं तर आतली सिरॅमिक फुटलीय किंवा काढून टाकलीय. मग स्कॅनर लावून काजळीचं आणि राखेचं रीडिंग बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचंच असेल, तर सरळ पेट्रोल गाडी बघा.