कुत्र्यासाठी आर्टिफिशियल लॉन: हिरवळ नंतर, निचरा आधी

दुकानात गेलं की पहिला हात जातो तो ४०-५० मिमी उंच पात्यांच्या गुबगुबीत लॉनवर. पायाला मऊ लागतं, फोटोतही छान दिसतं. घरात कुत्रं असेल तर हे लॉन दुकानातच राहू द्या. लांब पात्यांच्या मुळाशी शी आणि गळालेले केस अडकतात, मग पाइपाचं पाणी कितीही मारा, निघत नाहीत. परसासाठी २५ ते ३० मिमी पुरे.

पाती पॉलिइथिलीनची घ्या. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पडतं, पण ते कडक असतं आणि उन्हानं लवकर ठिसूळ होतं. पात्यांच्या बुडाशी तपकिरी, कुरळ्या धाग्यांचा थर दिसेल. लॉन भरगच्च वाटावं म्हणून तो घातलेला असतो आणि शूचा वास धरून ठेवण्यातही त्याचाच हात असतो. जितका विरळ तितका बरा.

खरी परीक्षा मात्र पाठीची. तुकडा उलटा करून बघा. साध्या मालाला मागून लेटेक्सचा काळा थर असतो आणि काही इंचांवर एकेक भोक. पाणी जाणार ते त्या भोकांतूनच. दोन भोकांच्या मधली शू थरावर साचून राहते. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो त्याचाच. म्हणून पूर्ण पाठीतून पाणी झिरपू देणारा प्रकार मिळाला तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

फूटभर नमुना मागून घरी आणा. बादलीवर आडवा ठेवून मधोमध तांब्याभर पाणी ओता. ओतता ओतता ते खाली उतरलं पाहिजे. वर तळं राहत असेल तर नमुना परत. मग चिमटीत पाती धरून जोरात ओढा. गुच्छ हातात आला तर नखांपुढे त्याचा निभाव लागणार नाही, आणि चावरं पिल्लू असेल तर ते धागे पोटात जाऊन आतडं अडण्याचीही भीती. शेवटी नमुना भर दुपारच्या उन्हात अर्धा तास ठेवा आणि हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. वैशाखातल्या उन्हात असं लॉन ६० अंशांच्या वर सहज जातं. पाणी मारल्यावर थंड होतं, पण थोडाच वेळ. ‘तापत नाही’ या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका; शेडनेट किंवा झाडाची सावली हाच उपाय.

मोजमाप करताना रोलची रुंदी आधी विचारा. बहुतेक रोल २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट रुंद असतात. परस १० बाय १५ फूट असेल तर पट्टे उभे टाका की आडवे, १५० चौरस फुटांसाठी १९५ चौरस फूट माल लागतो, वर जोड येतो तो वेगळाच. कुत्रं उकरायला सुरुवात करतं ती जोडापासून किंवा कोपऱ्यापासून. त्यापेक्षा साडेसहा बाय पंधराचा एकच सलग पट्टा टाका आणि उरलेल्या साडेतीन फुटांत शहाबादी फरशी बसवा. मालही वाया जात नाही आणि कुत्र्याला बसायला लॉनपेक्षा कमी तापणारी जागा मिळते.

एवढ्या पट्ट्यासाठी ४ इंच खोदा. तळाशी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरा. काळ्या मातीत तर ते हवंच, नाहीतर पावसाळ्यात खडी चिखलात रुतते. त्यावर ३ इंच २० मिमी खडी धुमसून घ्या आणि वर १ इंच धुतलेली ग्रिट, म्हणजे खडीचे बारीक दाणे. दोन्ही मिळून साधारण ०.४ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). दर १० फुटांना दीड इंच उतार ठेवा, तोही घरापासून लांब. कॉन्ट्रॅक्टर वरून डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी टाकू म्हणेल, कारण ती झटकन लेव्हल होते. टाकू देऊ नका. दोन पावसांत ती घट्ट बसते आणि निचरा संपतो. गच्चीवर किंवा कोब्यावर टाकायचं असेल तर खाली ड्रेन सेल, म्हणजे पाणी वाहू देणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे हवेतच. तिथं खिळे मारू नका, वॉटरप्रूफिंग फुटेल.

रोल दोन-तीन तास उन्हात उलगडून ठेवा, सुरकुत्या निघतात. कापताना कटरचं पातं लॉनच्या मागच्या बाजूनं चालवा. कडेला दर ६ इंचांवर ६ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) खिळा ठोका आणि डोकं पात्यांत बुडलंय का ते बोटानं चाचपून बघा.

वरून भराव म्हणून रबराचा चुरा नको. तो तापतो आणि पंजांबरोबर घरात येतो. साध्या सिलिका वाळूत शू नुसती मुरते. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे १ ते ३ मिमी दाणे अमोनिया धरतात. या पट्ट्याला सुमारे ५० किलो लागतील, ते दोन वेळा थोडे थोडे पसरून ब्रशनं मुरवा. मत्स्यशेतीच्या दुकानात मिळणारी झिओलाइटची पूड इथं चालत नाही, ती पाठीची भोकं बुजवते.

शी लगेच उचला, शूच्या ठरलेल्या जागेवर रोज पाइपानं पाणी मारा आणि आठवड्याला एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूचे घटक विघटित करणारं द्रावण टाका. फिनेल बंद. कुत्रं पंजे चाटतं, ते पोटात जातं. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

एवढं करूनही वास हटेना, तर एका बाजूचे खिळे काढून कोपरा उचला. खाली ग्रिट कोरडी आणि बिनवासाची असेल तर दोष पाठीत किंवा भरावात आहे: जुने दाणे झाडून काढा, नवे भरा. ग्रिट ओली आणि वास मारणारी निघाली तर उतार चुकला आहे. वरून क्लीनर ओतण्यात पैसे घालवू नका. तेवढ्या भागातली ग्रिट काढून उतार नव्यानं धरा.