कर्नाळ्याचं जंगल, लहान मुलं आणि अर्धा दिवस

मुलांना घेऊन कर्नाळ्याला जाणारे बरेचजण किल्ला डोळ्यांसमोर ठेवून बेत आखतात आणि घोटाळा तिथेच होतो. पनवेलहून पेणच्या दिशेला लागलं की अंगठ्यासारखा तो सुळका लांबूनच दिसायला लागतो. मुलं हट्ट धरतात, ‘तिथेच जायचं’. मग दहाच्या उन्हात चढ सुरू होतो आणि अर्ध्या वाटेत बाबांच्या खांद्यावर एक मूल आणि दोन सॅक. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी कर्नाळा म्हणजे पायथ्याचं जंगल. १९६८ साली अभयारण्य झालं तेही इथल्या पक्ष्यांसाठी. साग, ऐन, किंजळ, काटेसावर, उंबर, मध्येच करवंदाच्या जाळ्या असं कोकणातलं हे पानगळीचं जंगल मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून आहे. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर.

गेट उघडायच्या सुमाराला पोहोचा. वेळा आणि बंदचे दिवस हंगामानुसार बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करून घ्या. उशिरा निघण्याचा तोटा दुहेरी आहे. पक्ष्यांची खरी लगबग नऊपर्यंतच असते, आणि शनिवार-रविवारी नऊनंतर मोठमोठ्याने बोलणारे गट येतात, मग उरलेसुरले पक्षीही आत सरकतात.

आत दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. पहिल्या खेपेला हरियाल घ्या, ती लहान आहे. मोरटाका सलग दोन-तीन तास कुरकुर न करता चालणाऱ्या मुलांसाठी ठेवा. अंतराचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका, वेळेत करा. चार ते सहा वर्षांचं मूल जंगलवाटेवर थांबे धरून तासाला एक, फार तर दीड किलोमीटर चालतं. नियम सोपा ठेवा: निघाल्यापासून दीड तास झाला की असाल तिथून मागे फिरा. ‘आता एवढंच वळण’ हा मोह आवरा. उतार असला तरी परतीला वेळ कमी लागत नाही, दमलेलं मूल उतारावरच जास्त घसरतं.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. जानेवारीत काटेसावर फुलायला लागते, पाठोपाठ पांगारा आणि पळस. मुलांना पक्षी दाखवायची सर्वात सोपी युक्ती हीच: फुललेल्या काटेसावरीपासून पंधरा-वीस पावलांवर बसकण मारा आणि वीस मिनिटं हलू नका. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आळीपाळीने येतात. मूल पक्ष्यामागे धावलं की पक्षी उडतो आणि मुलाचा रसही उडतो. फळांनी लगडलेला उंबर किंवा वड सापडला तर हरियाल (हिरवं कबूतर) आणि तांबट हे पक्षी बघायला तीच जागा धरा.

पावसाळ्यात जंगल देखणं होतं, शीळकरी कस्तूर पहाटे माणसासारखी शीळ घालतो, पण खडकांवर शेवाळ धरतं आणि ओहोळ तासाभरात फुगतात. सहा वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. मार्च ते मे वेगळीच अडचण. सागाची मोठी वाळकी पानं वाटेवर पसरतात, उतारावर पाय घातला की पान आणि पाय दोन्ही निघतात, खालचा दगडही दिसत नाही. अशा उतारावर मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या बाजूला राहायचं, वरून हात धरून ओढायचं नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, मळकट रंगाचे. टोपी मात्र भडक लाल किंवा केशरी, कारण झुडपात मूल आधी तुम्हाला दिसलं पाहिजे, पक्ष्याचं नंतर बघू. सँडल आणि क्रॉक्स नकोत. बोटं उघडी राहतात आणि काटा नेमका तिथेच लागतो. तळाला खोल नक्षी असलेले रोजचे स्पोर्ट्स शूज चालतात, नवेकोरे घालू नका, टाच सोलते. मोजे पॅंटवर ओढून घ्या. बाबागाडी वाटेवर निरुपयोगी आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल पाठीवरच्या किंवा पोटावरच्या कॅरियरमध्ये घ्या. खांद्यावर बसवू नका, तुमच्या डोक्यावरून जाणारी करवंदाची फांदी बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येते.

तीन-चार तासांसाठी मोठ्यांना माणशी दीड लिटर आणि मुलांना एक लिटर पाणी घ्या, ओहोळाच्या भरवशावर राहू नका. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे तहान लागायच्या आधीच मूल मलूल होतं. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाजा. ओआरएसचं पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण ओता. अर्धं पाकीट बाटलीत ढकलायची सवय चुकीची आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

खायला गुळ-शेंगदाण्याचे लाडू, ठेपले, खजूर, काकडी. वेफर्सची पाकिटं नकोत, ती कुरकुरली की माकडं जवळ येतात. खायचं ते वाटेवर न खाता बसायच्या मोकळ्या जागी, सॅक मांडीत धरून. संत्र्याची सालं आणि डायपरही परत आणायचे, त्यासाठी एक जाड पिशवी लागतेच. प्लॅस्टिक नेण्याबाबत गेटवर जे नियम सांगतील ते पाळा, डबा आणि स्टीलची बाटली नेली की प्रश्नच मिटतो. याशिवाय सॅकमध्ये चिकटपट्टी, चिमटा, क्रेप बँडेज, जंतुनाशक, मुलांचं रोजचं औषध आणि कपड्यांचा एक जादा जोड असू द्या.

चिकटपट्टी कशाला? खाजकुइलीसाठी. हिवाळ्यात वेलीवर मखमली, तपकिरी, वाकड्या शेंगा लोंबतात, मुलांना त्या हमखास कुरवाळाव्याशा वाटतात. शेंगेवरची लव कातडीत रुतते आणि आग पडते. चोळलं की लव पसरते, लगेच पाणी ओतलं तरी तेच. आधी चिकटपट्टी हलक्या हाताने लावून ओढायची, पुन्हा नवी पट्टी लावायची, असं पाच-सहा वेळा. मग साबणाने धुवा, कपडे बदला आणि काढलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा. तो हात डोळ्यांना लागू देऊ नका. निघायच्या आधी ही शेंग मुलांना फोटोत दाखवून ठेवली तर बराचसा ताप टळतो.

झाडावर पानं एकमेकांना शिवून केलेला, नारळाएवढा हिरवा गोळा दिसला तर ते लाल मुंग्यांचं घरटं. हातभर अंतरावरून जरूर दाखवा. मुंग्या पानांच्या कडा तोंडात धरून ओढताना आणि आपल्याच अळ्यांच्या धाग्याने शिवताना दिसल्या, तर मुलं पंधरा मिनिटं जागची हलत नाहीत. मात्र त्या फांदीखाली डबा उघडायचा नाही.

सापाबद्दल एवढंच: दगडाच्या फटीत, पोकळ ओंडक्यात हात घालायचा नाही आणि बसण्याआधी जागा काठीने ठोकायची. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. तो हात किंवा पाय फळीसारखा स्थिर बांधा, अंगठी-कडं काढा, मुलाला चालवू नका, १०८ ला फोन करा. साप ओळखण्यात वेळ घालवायचा नाही.

जंगलात नेटवर्क भरवशाचं नाही. म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी हवी. चुकलं तर पळायचं नाही, जवळच्या मोठ्या झाडाला धरून उभं राहायचं आणि तीन-तीन शिट्या वाजवायच्या. घरी दोनदा सराव घ्या. रांगेत पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मुलं मध्ये. वेग सर्वात लहान मुलाचा.

आणि तो किल्ला? नऊ-दहा वर्षांच्या, चालायची सवय असलेल्या मुलांना थंडीत न्यायला हरकत नाही. वर जायला मोठ्यांना दीड-दोन तास लागतात, मुलांबरोबर तीन धरा. सुळक्याच्या पोटातल्या पाण्याच्या टाक्यांपर्यंतच जायचं, सुळका दोर आणि साधनं घेऊन चढणाऱ्यांसाठी आहे. त्यावर आग्या मोहळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड मारणं काहीही नको. माशा उठल्याच तर झटकत उभं राहू नका. मुलाचं तोंड-डोकं कपड्याने झाकून, उचलून, पायाखालच्या वाटेकडे लक्ष ठेवत झपाट्याने खाली निघा. लांब गेल्यावर काटे नखाने खरवडून काढा. पुष्कळ डंख झाले, ओकारी आली किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना. किल्ल्याची गोष्ट सांगायची असेल तर जवळच्या शिरढोणला १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्यापासून सुरू करा, त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते.

या सगळ्या सहलीत सर्वात धोक्याची जागा जंगलात नाही, गेटबाहेर आहे. महामार्गावर गाड्या सुसाट असतात आणि दमलेली मुलं हात सोडून पळतात. गेटच्या आतच एका मुलामागे एक मोठं माणूस ठरवून घ्या. पनवेलहून एसटीने येणार असाल तर चढतानाच कंडक्टरला ‘अभयारण्याला उतरायचंय’ म्हणून विचारा, सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत. परतीची गाडी हात केल्यावर थांबेलच असं नाही, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा.

घरी पोहोचल्यावर आंघोळीच्या वेळी गोचीड शोधा: कानामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्याच्या मागे. सापडली तर रॉकेल किंवा पेटती काडी लावू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि जागा जंतुनाशकाने पुसा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.