नवीन आयडी उघडण्याआधीची तयारी

सोलापूरच्या नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेला डिस्प्ले, फुगलेली बॅटरी, सैल झालेला चार्जिंगचा पॉइंट, हे रोजचं. सुट्ट्या लागल्या की पोरं वेगळंच दुखणं घेऊन येतात, "काका, आयडी गेली." म्हणजे ऑनलाइन गेममधलं खातं हातचं गेलं. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. आवाज खाली आणून, शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत विचारतात, "काका, गेमच्या ग्रुपमधल्या एकाला माझं खरं नाव कळलंय, आता काय करायचं?" गेलेली आयडी कधीकधी परत मिळते. कळलेलं नाव परत घेता येत नाही. म्हणून ही तयारी आधीच करायची आहे. दोन संध्याकाळी आणि एक शंभर पानी वही लागेल. आईवडिलांपासून लपायची ही यादी नाही, हेही आत्ताच सांगतो. लपायचं आहे ते ज्यांचा चेहरा तुम्ही कधी पाहिलेला नाही त्यांच्यापासून.

पहिल्या संध्याकाळी नवीन काही उघडू नका. आधी स्वतःलाच शोधा. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तुमचं आजवरचं प्रत्येक गेममधलं नाव एकेक करून टाका. मग फोन नंबर, मग ईमेल. डीपीचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून तो आणखी कुठे सापडतो ते बघा. वहीत डाव्या पानावर कुठे सापडलं ते लिहा, उजव्या पानावर त्यातून काय कळतं ते. मागे दुकानातल्या एका पोराला हे समोर बसवून करायला लावलं. त्याचं नाव होतं 'एमएच१३', पुढे स्वतःचं घरातलं नाव, शेवटी ०७. गाडीची पाटी वाचता येणाऱ्या कुणालाही पोरगा सोलापूरचा, अमुक नावाचा आणि २००७ सालचा हे कळत होतं. तेच नाव इन्स्टाग्रामवर होतं, आणि तिथे शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो, गणवेशाच्या खिशावर शाळेचं बोधचिन्ह. एवढं शोधायला त्याला चार मिनिटं लागली आणि ती सगळी त्याचा चहा यायच्या आत. कुणी हॅक केलं नव्हतं. सगळे तुकडे त्यानेच टाकले होते, आणि एकच नाव सगळीकडे वापरून ते एकमेकांना जोडूनही त्यानेच दिले होते.

त्यामुळे नवीन नाव निवडताना गाडीच्या पाटीचा १३, पिनकोडचा ४१३, एसटीडीचा ०२१७, जन्मसाल, जर्सीचा आवडता आकडा, आडनावाचं लघुरूप, गल्लीतल्या मंडळाचं नाव, यातलं काहीही नको. आवडीचं नावही नको, कारण आवड तुम्ही आधीच कुठेतरी सांगून बसलेले असता. स्वयंपाकघरात जाऊन नजरेला पडेल ती वस्तू आणि तिच्याशी संबंध नसलेलं एखादं विशेषण जोडा. 'सुस्त किसणी' हे नाव कुणालाच शोभत नाही, म्हणूनच चांगलं. आणि प्रत्येक जागेला वेगळं. बीजीएमआय या मोबाईल गेमला एक, खेळणारे जिथे गप्पा मारतात त्या डिस्कॉर्डला दुसरं, पीसीचे गेम जिथे मिळतात त्या स्टीमला तिसरं. नावं आणि पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर टाका.

इथे एक दुखरी गोष्ट येते. बीजीएमआयमध्ये रिनेम कार्ड वापरून नाव बदलतं, पण खालचा यूआयडी, म्हणजे खात्याचा आकडी क्रमांक, तोच राहतो. फ्री फायर मॅक्सचंही तेच. ज्याच्याकडे तुमचा जुना स्क्रीनशॉट आहे तो यूआयडी टाकून तुम्हाला नव्या नावाने पुन्हा गाठतो. स्टीमवर प्रोफाइलच्या नावाशेजारच्या बाणावर दाबलं की आधीची नावं दिसतात. ती पुसायची सोय तिथेच आहे, पण कुणी आधीच उतरवून घेतली असतील तर इलाज नाही. म्हणजे खरोखर सुटका हवी असेल तर आयडीच नवी हवी. आणि जुन्या आयडीत पैसे घालून घेतलेल्या स्किन, म्हणजे गेममधले कपडे आणि हत्यारांचे रंग, असतात. मी पोरांना सांगतो की दोन्ही ठेवा. जुनी ओळखीच्या चौघांबरोबर खेळायला, नवी बाहेरच्यांसाठी. फक्त जुनीवरून नवीला कधीही फ्रेंड रिक्वेस्ट पाठवू नका. अर्धी पोरं इथेच गडबडतात.

नव्या आयडीला नवा ईमेल. जुन्याच जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून नवा पत्ता केल्याचं समाधान मानू नका, त्यात मूळ पत्ता जसाच्या तसा वाचता येतो. खातं उघडताना 'पहिलं नाव, आडनाव' या रकान्यात सवयीने खरं नाव जातं आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक मेलवर ते झळकतं. फेसबुकने लॉगिन करू नका. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, शक्यतो ऑथेंटिकेटर ॲपवरची.

आता फोन नंबर. आपल्याकडे स्क्रिमचा, म्हणजे टीमच्या सरावाच्या मॅचचा, सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. मॅचच्या दहा-पंधरा मिनिटं आधी "आयडीपी टाका" अशी ओरड सुरू होते आणि रूमचा आयडी-पासवर्ड येतो. त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो. नंबर ट्रूकॉलरमध्ये टाकला की लोकांनी तुम्हाला ज्या नावाने सेव्ह केलंय ते नाव, कधी पुढे 'जुळे सोलापूर' किंवा 'क्लासवाला' असं शेपूटही. ट्रूकॉलरच्या संकेतस्थळावर नंबर यादीतून काढून टाकायची सोय आहे, तुमचं तिथे खातं असेल तर आधी ते बंद करावं लागतं. व्हॉट्सॲपवर डीपी आणि 'अबाउट' फक्त काँटॅक्ट्सना दिसेल असं करा, ग्रुपमध्ये कुणीही ओढू शकणार नाही असंही करा. तरी नंबर दिसणारच. जमलं तर ग्रुपला टेलिग्रामवर यायला सांगा. तिथे 'माझा नंबर कुणाला दिसावा' याला 'कुणालाच नाही' आणि 'नंबरवरून मला कोण शोधू शकेल' याला 'माझे काँटॅक्ट्स' निवडता येतं. दुसरं सिम घेणं हा सरळ मार्ग आहे, पण ते रिचार्ज करत राहावं लागतं. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो, आणि तुमच्या खात्यांचे ओटीपी मग त्याच्या हातात.

पण नंबरपेक्षा जास्त नुकसान यूपीआयने होताना मी पाहिलंय, आणि ते घरातच पाहिलंय. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, चांगली खेळते, माईक कधीच चालू करत नाही. एका टीमने स्लॉटसाठी, म्हणजे मॅचमधल्या जागेसाठी, पन्नास रुपये मागितले. हिने पाठवले. समोरच्याच्या फोनवर पैसे कुणाकडून आले तिथे बँकेतलं नाव आलं. आपल्याकडे बँकेतलं नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. गावात एवढ्यावर माणूस शोधायला पोलीस लागत नाही. सोलापुरात तर आडनाव ऐकून पेठ आणि घरात बोलायची भाषा सांगणारे बसलेत. रात्री तिला मेसेज आला, त्यात बाकी काही नव्हतं, फक्त तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि शेवटी एक हसरा चेहरा. ती तो मेसेज घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात आली तेव्हा फोन माझ्या हातात द्यायलाही तयार नव्हती, काउंटरवर उलटा ठेवून उभी राहिली.

तेव्हा हे पक्कं करा. गेममधल्या अनोळखी माणसाशी स्वतःच्या यूपीआयवरून देणंघेणं करायचं नाही, एक रुपयाचंही नाही. यूपीआय आयडीतून फोन नंबर काढून दुसरं काही ठेवलं तरी नाव बँकेचंच दिसतं, ते बदलत नाही. तुमचा क्यूआर पाठवला तरी तेच. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं तर घराची चावी टांगून ठेवण्यासारखं. गेममधली खरेदी प्ले स्टोअरच्या गिफ्ट कोडने करा, तो व्यवहार तुमचा आणि स्टोअरचा राहतो, खेळणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. आणि पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले आहेत, तेव्हा 'एंट्री शंभर, जिंकलात तर हजार' असली बोलावणी आली तर नाव वाचवण्याआधी पैसे वाचवा.

नोंदणीच्या गूगल फॉर्ममध्ये आधारचा फोटो मागणारे महाभागही आहेत. नाही म्हणायचं. खरोखर मोठी, अधिकृत स्पर्धा असेल आणि बक्षिसासाठी ओळख लागणारच असेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. विश्वासाच्या जागीसुद्धा कागद फुटतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्डने जाहीर केलं, की त्यांची ग्राहकसेवा पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीवर हल्ला होऊन सुमारे ७० हजार जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. दिलंच नाही ते फुटत नाही.

डिस्कॉर्डवर दुसऱ्या संध्याकाळी अर्धा तास घालवा. तिथल्या ग्रुपला सर्व्हर म्हणतात; सर्व्हरमधल्या कुणालाही थेट मेसेज करता येतो, ते बंद करा. फ्रेंड रिक्वेस्ट फक्त मित्रांच्या मित्रांकडून. 'कनेक्शन्स'मध्ये स्टीम, यूट्यूब, इन्स्टाच्या पाट्या प्रोफाइलवर टांगलेल्या असतात, त्या उतरवा. नंबरवरून शोधता येणं बंद. आणि लक्षात घ्या, प्रोफाइल उघडलं की दोघांचे सामाईक सर्व्हर आणि सामाईक मित्र दिसतात. कॉलेजच्या सर्व्हरवर आणि अनोळखी क्लॅनच्या, म्हणजे खेळणाऱ्यांच्या गटाच्या, सर्व्हरवर एकच खातं असेल तर टोपणनाव कितीही बदला, उपयोग नाही. म्हणून खाती दोन ठेवा, ॲपमध्येच एकावरून दुसऱ्यावर जायची सोय आहे.

माईकबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. "काय करलालास बे" एवढं एक वाक्य कानावर पडलं की अख्ख्या महाराष्ट्राला तुमचं गाव कळतं. मागे आजी तेलुगूत हाक मारते, शेजारी कन्नडमध्ये भांडण चाललंय आणि तुम्ही मराठीत शिव्या देताय, असं दुसरं शहर शोधून दाखवा. बोली लपवा असं मी सांगणार नाही, तोंड दाबून कोण खेळणार? पण बोली फक्त शहर सांगते, पुढचं तुम्ही सांगू नका. काही दिवसांआड नळ येणाऱ्या गावात "ए, पाणी आलं!" ही हाक माईकवर गेली, तर पाण्याच्या पाळीवरून भाग काढणारा सोलापुरी डोकं लढवू शकतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज दारावरून जाताना 'हर्र बोला हर्र' ऐकू आलं की रस्ताही कळला आणि वेळही. पुश टू टॉक लावा, बोलायचं तेव्हाच बटण दाबा. "उद्या फिजिक्सचा पेपर आहे, निघतो" हेही नको, त्यातून इयत्ता आणि वय दोन्ही कळतं. नुसतं "निघतो" म्हणा.

फोटोंचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली जागेची माहिती गळून जाते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगीच काढून टाका. स्ट्रीम करत असाल तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब', नाहीतर वरच्या पट्टीत आईचा मेसेज आणि बँकेचा ओटीपी दोन्ही सगळे वाचतात. खिडकीकडे पाठ करून बसू नका.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे इंटरनेटवरचा आपला आयपी पत्ता झाकणाऱ्या ॲपबद्दल, दुकानात सगळ्यात जास्त विचारतात आणि माझ्या मते त्याची गरज सगळ्यात कमी आहे. आयपी पत्त्यावरून कुणाला तुमचं घर सापडत नाही. फार तर इंटरनेट देणारी कंपनी आणि ढोबळ शहर, तेही मोबाईल डेटावर पुष्कळदा चुकीचं. व्हीपीएनने पिंग, म्हणजे गेमपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मात्र वाढतो. पीसीवर खेळणाऱ्यांनी गेम अपडेट ठेवावा हे खरं. डिसेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ मधल्या एका त्रुटीमुळे नावात चित्राचा कोड घालून समोरच्यांचे आयपी गोळा करता येत होते, कंपनीने ती लगेच बुजवली.

कुणी म्हणेल, एवढी भानगड कशाला, खरं नाव असलं तर लोक नीट वागतील. हा विचार ब्लिझार्ड या मोठ्या गेम कंपनीनेही केला होता. जुलै २०१० मध्ये त्यांनी ठरवलं, की चर्चेच्या पानांवर सगळ्यांनी खऱ्या नावानेच लिहायचं. त्यांच्याच एका कर्मचाऱ्याने विश्वास दाखवायला स्वतःचं नाव टाकलं, आणि थोड्याच वेळात लोकांनी त्याची खाजगी माहिती शोधून पसरवली. तीन दिवसांत कंपनीचे प्रमुख माइक मोरहाइम यांना निर्णय मागे घ्यावा लागला.

एवढं करूनही नाव फुटलंच तर पहिल्या तासात काय करायचं, तेही वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा, कारण तेव्हा हात थरथरतात. उत्तर द्यायचं नाही. चॅट डिलीट करायची नाही. आधी स्क्रीनशॉट, त्यात समोरच्याचा यूआयडी किंवा यूजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मगच ब्लॉक आणि रिपोर्ट. घरातल्या एका मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. धमकी, फोटो, पाठलाग असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार किंवा शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं. मुलीच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, तेव्हा "गेममधलं भांडण आहे, सोडून द्या" असं कुणी म्हटलं तर कलमाचा आकडा सांगा. भाचीच्या वेळी आम्हाला हा आकडा माहीत नव्हता.

राहिली ती फेरतपासणी. अपडेट आलं की सेटिंग्जमध्ये नवे पर्याय घुसतात, क्लॅन बदलतात, पोरं जुनं नाव पुन्हा वापरायला लागतात. त्यामुळे वर्षातून एकदा पहिल्या संध्याकाळचा शोध परत करायचा. मी त्यासाठी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठल्यानंतरचा रविवार धरलाय. जत्रेत सगळ्यांचे पैसे संपलेले असतात, दुकानात कुणी फिरकत नाही.