गाडी यार्डातून परत आणली, त्याची गोष्ट

तीन हप्ते थकले होते, चूक माझीच. फायनान्सवाल्यांची माणसं वॅगनआर न्यायला आली तेव्हा भांडलो नाही, फक्त सामानाची यादी सहीनिशी मागितली. स्टेपनी, जॅक, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा लिहून घेतला. (पुढे तेच कामी आलं, जॅक गायब होता.)

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी हिशेब मागितला: हप्ते, दंड, टोइंग, यार्डभाडं वेगवेगळं. दंडावर पुन्हा व्याज लावलेलं! रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या परिपत्रकात ते बसत नाही, असा ईमेल टाकला. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) जाईन, हेही लिहिलं. दंडावरचं व्याज त्यांनी काढून टाकलं. लिलावाची नोटीस यायच्या आत बायकोची एफडी मोडून थकबाकी भरली, रिलीज लेटर (गाडी सोडायचं पत्र) घेतलं. गाडी मिळाली, बॅटरी मात्र पार उतरलेली.