आयर्न ८८३ ची टाकी पुढून उचलताना

हार्ले-डेव्हिडसनच्या आयर्न ८८३ या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी मुळात चेसिसच्या मधल्या नळीवर खाली बसलेली असते. ती पुढच्या बाजूने थोडी वर घेतली, तर टाकीखालून इंजिनाचा वरचा भाग मोकळा दिसतो आणि गाडीची ठेवण पूर्णपणे बदलते. त्यासाठी टँक लिफ्ट नावाचा ब्रॅकेट मिळतो. काम वरवर पाहता दोन बोल्टचे आहे. परंतु ब्रॅकेट बसवण्यापेक्षा फ्यूएल होज (टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी नळी), वायरिंग आणि हँडलची वळण्याची जागा यांकडेच अधिक लक्ष द्यावे लागते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

उंची निवडताना मोह आवरावा. एक इंच ते दोन इंच उचल देणारे ब्रॅकेट बाजारात मिळतात. माझ्या मते या गाडीला एक इंच पुरेसा आहे. त्याहून अधिक उचलल्यास नळीवरून जाणारे वायरिंग उघडे पडते, होजवर ताण येतो आणि टाकीचा पुढचा भाग हँडलच्या अधिक जवळ जातो.

आयर्न ज्या मालिकेतली आहे त्या स्पोर्टस्टर मालिकेत २००७ पासून कार्बोरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शन आले, त्यामुळे आयर्नमध्ये पंप टाकीच्या आत असतो आणि होजमध्ये सुमारे ५८ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) इतक्या दाबाचे पेट्रोल असते. हा दाब काढल्याशिवाय होजला हात लावू नये. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावे, ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि नंतर काही क्षण स्टार्टर फिरवून उरलेला दाबही घालवावा. त्यानंतरच बॅटरीची ऋण तार सोडावी. काम मोकळ्या हवेत करावे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून राहते. टाकी साडेबारा लिटरची आहे. ती भरलेली असताना केवळ पेट्रोलचेच वजन नऊ किलोहून अधिक होते, म्हणून हे काम टाकी जवळजवळ रिकामी असताना हाती घेणे शहाणपणाचे.

सीट काढून टाकीखालचा पंपाचा कनेक्टर सोडवावा आणि वाफेची बारीक नळी अलग करावी. होजचा क्विक-कनेक्ट, म्हणजे झटकन सुटणारा जोड, सोडताना त्याची बाही वर ओढून धरावी आणि होज खाली खेचावा; तरीही थोडे पेट्रोल सांडतेच, म्हणून खाली जाड कापड धरावे. पुढचा व मागचा बोल्ट काढल्यावर टाकी दोन्ही हातांनी उचलून जाड चादरीवर ठेवावी. रबर बुश आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. एखादा वॉशर उलटसुलट झाला तर टाकी किंचित तिरकी बसते.

आता ब्रॅकेट चेसिसच्या मूळ भोकाशी धरून त्याचा बोल्ट हाताने लावावा. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) धातूच्या आट्यांवर मध्यम ताकदीचा, अगदी थोडा लावावा. टाकी ब्रॅकेटवर अलगद ठेवून आधी पुढचा आणि मग मागचा बोल्ट अर्धवट बसवावा. पुढून उचल मिळाल्यामुळे मागच्या जोडणीचा कोन बदललेला असतो; मागचा बोल्ट आधीच आवळला तर रबर पिळले जाते आणि इंजिनाची थरथर थेट टाकीच्या पत्र्यात उतरते. दोन्ही जागी रबर सरळ बसले आहे हे डोळ्यांनी पाहावे, मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतके आवळावे.

पूर्ण आवळण्यापूर्वी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवावे. हँडल, त्यावरचे स्विच आणि केबल यांपैकी काहीही टाकीला टेकता कामा नये; दोन बोटांइतकी फट राहिली पाहिजे. फट अपुरी असेल तर कमी उंचीचा ब्रॅकेट घ्यावा, टाकी ठोकून जागा करण्याचा प्रयत्न करू नये. उघडे पडलेले वायरिंग नळीच्या बाजूने घेऊन केबल टायने बांधावे आणि एकही तार टाकीच्या काठाखाली दबलेली नाही याची टॉर्चने खात्री करावी. होज बांक न पडता, ताण न येता जात असेल तरच तो तसाच ठेवावा. अन्यथा थोडा लांब, इंजेक्शनच्या दाबाला योग्य असा होज घालावा. साधी रबरी नळी येथे चालत नाही.

क्विक-कनेक्ट खटकन बसल्याचे खाली ओढून तपासावे, फ्यूज आणि बॅटरी जोडावी. इंजिन सुरू न करता इग्निशन दोन-तीनदा चालू-बंद केल्यास पंप दाब भरतो. त्या वेळी प्रत्येक जोडावर कोरडे बोट फिरवून गळती पाहावी. टाकीचा कोन बदलल्याने पेट्रोल मागे साचते आणि पेट्रोल कमी असल्याचा दिवा पूर्वीच्याच वेळी लागेल असे धरून चालू नये. पहिल्या काही टाक्यांपर्यंत ट्रिप मीटरवर विसंबावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत, म्हणून मूळ बोल्ट, बुश आणि वॉशर नाव लिहिलेल्या पिशवीत जपून ठेवावेत. गरज पडल्यास टाकी तासाभरात पूर्ववत करता येते. सुमारे शंभर किलोमीटरनंतर दोन्ही बोल्ट पुन्हा तपासावेत आणि गाडी गरम असताना टाकीखाली पेट्रोलचा वास येतो का हे पाहावे.